पालघरपर्यंतचं सामान

पलंगावर दोन भल्यामोठ्या पिशव्या तोंड वासून पडल्या होत्या आणि मीरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात तिसरी शोधत होती.

"अगं, तू सायकलवर फिरायला चाललीस की बदली झालीय तुझी?" प्रल्हादने दारातूनच विचारलं. तो नुकताच ऑफिसातून आला होता. चंदनसारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती.

"अहो, लागतं सगळं. रस्त्यात कुणाला काही झालं तर?"

"कुणाला म्हणजे? दोघीच तर चाललात."

मीराने गरम पाण्याची रबरी पिशवी गुंडाळून एका कोपऱ्यात खुपसली, मग ती काढली, दुसऱ्या बाजूला खुपसली.

गेल्या श्रावणात तिच्या सासूबाई गेल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या अंथरुणावरच होत्या, आणि त्यांचं सगळं मीरा एकटी करायची. नोकरी सोडली ती त्यांच्यासाठीच. कुशी बदलणं, भरवणं, औषधं, चादरी. इतकी वर्षं घरातून अर्ध्या तासासाठी बाहेर पडायचं म्हटलं तरी आधी शेजारणीला किल्ली, मग फोन, मग घाई. दिवसकार्याला आलेल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच शब्द बोलून गेल्या. सुटलीस.

सुटली होती खरी, पण तिला बसवत नव्हतं. मुलगी आर्या पुण्याला शिकायला, नवरा दिवसभर ऑफिसात. मीरा टीव्ही लावायची आणि उठायची. डबे घासायची, घासलेले परत घासायची. पहाटे, सासूबाईंची कूस बदलायच्या वेळेला, आपोआप जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. ती रिकाम्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन यायची.

एमिलीने तिला सायकलवर बसवलं. एमिली जवळच्याच नंदाखाल गावची. आर्याची शाळेतली गणिताची टीचर. बाजारात भेटली तेव्हा मीराकडे नीट बघून म्हणाली होती, "आर्याची सायकल धूळ खात असेल ना? रविवारी घेऊन ये." मग रविवारी जवळपासच्या राजोडी, भुईगाव, निर्मळ अशा फेऱ्या सुरू झाल्या. कधीतरी 'टीचर' गळून पडलं आणि त्या एकमेकींना 'तू' म्हणायला लागल्या. जानेवारीत एमिली म्हणाली, समुद्राकाठाने बोर्डीला जाऊ. पहिला मुक्काम केळव्याला, दुसरा बोर्डीला. मीराने विचार न करता हो म्हटलं आणि तेव्हापासून ती सामान भरत होती.

त्याच संध्याकाळी एमिली सामान बघायला आली. सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या पिशव्यांना ती पॅनियर म्हणायची. त्यातली एक तिने उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली.

"यात काय आहे? सिलिंडर?"

तिने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. बीपी मोजायचं मशीन. थर्मामीटर. दोन चादरी. स्टीलचे तीन डबे. डेटॉलची मोठी बाटली. इलेक्ट्रिक किटली. कापसाचं अख्खं बंडल.

"मीरा, आपण इस्पितळ काढायला नाही चाललो."

"कापसाला काय वजन असतं?"

"कापसाला नसतं, डेटॉलला असतं. हे बघ, वजन सगळं मागे गेलं ना, की पुढचं चाक हलकं होतं. मग हँडल डुलतं. जेवढं न्यावंसं वाटतं तेवढं पलंगावर मांड आणि त्यातलं निम्मं परत कपाटात ठेव. एक ड्रेस अंगावर, एक पिशवीत. रोज धुवायचा. झालं."

एमिलीचं स्वतःचं सामान एका लहान पिशवीत मावलं होतं. मीराने मान डोलावली, निम्मं बाहेर काढलं, आणि एमिली जिना उतरून गेल्यावर त्यातलं बरंचसं परत आत भरलं. प्रल्हाद बघत होता. पिशवीची चेन लागत नव्हती तेव्हा त्याने ती दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मारंबळपाड्याच्या जेट्टीवरून जलसारला जाणाऱ्या रो-रो बोटीत चढल्या. मोटारी आणि रिक्षांच्या मधल्या जागेत सायकली उभ्या केल्या. खाडीवर धुकं होतं. एमिली कठड्याला टेकून शांतपणे पाणी बघत राहिली. मीराने पिशव्यांचे हुक तपासले. मग लवचिक दोरी सोडून परत बांधली. मग विचारलं, "तुला पाणी हवंय?"

"नको."

"टोपी घाल. वारा आहे."

"मीरा, उभी राहा ना जरा. बोट आपोआप जाते, तुला ढकलायची नाहीये."

मीरा हसली आणि उभी राहिली. पण तिचा उजवा पाय हलतच होता, शिवणयंत्र चालवल्यासारखा.

पलीकडे उतरल्यावर चढ लागला आणि तिला कळलं की एमिली काय म्हणत होती. सायकल चालत नव्हती, मागे ओढत होती. उभं राहून पायडल मारलं की मागचं ओझं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकायचं आणि हँडल हातात थरथरायचं. तरी ती थांबत नव्हती. उलट एमिलीच्या पुढे जायची, मग वळून तिची वाट बघायची, ती आली की विचारायची, दमलीस का, पाय दुखतोय का, संत्रं सोलून देऊ का. तिसऱ्या वेळेला एमिली नुसतीच पुढे निघून गेली.

एडवणच्या अलीकडे एका वळणावर समोरून एसटी आली. मीराने ब्रेक दाबला, पुढचं चाक वाळूवरून सरकलं आणि ती सामानासकट आडवी झाली. एसटीवाल्याने थांबून चौकशी केली. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नव्हतं. पण डेटॉलची बाटली फुटली होती आणि एक ड्रेस, टॉवेल आणि तिळाच्या पोळ्या सगळ्यांना दवाखान्याचा वास लागला.

एमिलीने काही सुनावलं नाही. तिने रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही पिशव्या उपसल्या, जड वस्तू तळाशी घातल्या, दोन्हीकडे वजन सारखं केलं आणि किटली स्वतःच्या कॅरिअरला बांधली.

"अगं, तू कशाला घेतेस?"

"तू पडलीस तर मला तुला न्यावं लागेल. त्यापेक्षा किटली हलकी आहे."

केळव्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली. राहायची सोय कुंदाताई नावाच्या बाईंकडे होती. त्यांच्या वाडीत पानवेलींच्या मांडवामागे दोन खोल्या होत्या आणि चालत गेलं की समुद्र. मीरा लगेच समुद्रावर जायला निघाली. बसायचं तिच्या मनातच नव्हतं. पण एमिली ओट्यावर बसली ती उठेना. तिचा चेहरा पांढरट झाला होता.

"काही नाही गं, ऊन लागलं असेल," ती म्हणाली आणि धावत नळाकडे गेली. उलटी झाली. थोड्या वेळाने परत. मग तिला हुडहुडी भरली.

मीराने तिला आत आणून झोपवलं, थर्मामीटर लावला. यंत्र वाजलं. चांगलाच ताप होता.

आणि तेव्हा मीराच्या आतलं काहीतरी अलगद जागेवर बसलं. दिवसभर डुलणारं हँडल एकदम स्थिर व्हावं तसं. तिचे हात आपोआप चालू लागले. चादर दुहेरी घालून बसवली. बादली, टॉवेल, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने, घोटघोट. कुंदाताईंकडून गावातल्या डॉक्टरांचा नंबर घेतला, त्यांना बोलावलं. त्यांनी तपासून पोटाचा संसर्ग असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, दोन-तीन दिवस विश्रांती घ्या म्हणाले.

"सगळं व्यवस्थित केलंयत तुम्ही," निघताना ते मीराला म्हणाले. "नर्स आहात का?"

"नाही हो," मीरा म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

त्या रात्री एमिलीच्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून ती झोपली. मधे दोनदा उठून तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि दोन्ही वेळा परत गाढ झोपली. अशी झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी ताप उतरला होता. मीराने कुंदाताईंच्या चुलीवर तांदळाची पेज केली, एमिलीचा ड्रेस धुवून मांडवाच्या दोरीवर वाळत घातला, खोली झाडली. एमिली उशीला टेकून तिच्याकडे बघत होती.

"गुणगुणतेयस तू."

"मी?"

"कालपासून. काल बोटीवर तुझा पाय थांबत नव्हता. आता बघ कशी आहेस."

"मग? मी काय रडत बसू?"

एमिलीने पेजेची वाटी बाजूला ठेवली. तिचा आवाज बारीक होता पण शाळेतल्यासारखा स्पष्ट. "मीरा, मी आजारी पडले ते तुला आवडलं."

मीरा झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. "काहीतरीच काय बोलतेस! एवढं केलं मी तुझ्यासाठी..."

"केलंस ना. माझी बहीण असती तरी तिने एवढं केलं नसतं. मी रागावले नाहीये. पण तू आत्ता मला विचारलंस की तोंड पुसून देऊ का. माझे हात चालतात, मीरा. मी तुझी सासू नाही होणार."

मीराने झाडू भिंतीला टेकवला आणि ती बाहेर पडली.

सुरूच्या झाडांतून ती वाळूवर आली आणि तरातरा चालत सुटली. ओहोटी होती. आधी तिने मनातल्या मनात एमिलीला खूप सुनावलं. म्हणे आवडलं! जिचं करावं तिने असं बोलावं? मग किनाऱ्यावरच्या घोडागाड्या मागे पडल्या, माणसं विरळ झाली आणि सुनावायचं संपलं. तेव्हा तिला थर्मामीटरचा आवाज आठवला. ताप किती ते बघायच्या आधीच, तो वाजल्याबरोबर तिला आनंद झाला होता. काळजी नंतर आली. आधी आनंद.

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत तिने कितीदा देवाकडे हात जोडले होते की आता यांना ने. आणि त्या जायच्या आधी ती जशी सुटकेसाठी दाराकडे बघत बसायची, तशीच नंतर रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली. तिला कधी कळलंच नव्हतं की ती कशाची वाट बघतेय. परत कुणीतरी आडवं व्हायची?

तिला स्वतःचीच भीती वाटली. ती ओल्या वाळूत थांबली, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली तशी परत चालू लागली.

खोलीवर आली तेव्हा एमिली फोनवर तिच्या भावाशी घरच्या बोलीत बोलत होती. त्यातलं मीराला निम्मंच कळलं. दुपारी भाऊ युजीन त्याची पिकअप घेऊन न्यायला येणार होता. पुढे दोन रांगांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. एरवी त्यातून केळी आणि फुलं बाजारात जायची.

"दोन्ही सायकली मागे मावतील," फोन ठेवून एमिली म्हणाली. "पण तुला यायचं नसेल तर नको येऊ. बोर्डी पुढेच आहे."

"एकटी?"

"दुकटी कुठून आणायची आता?"

मीराने प्रल्हादला फोन केला. तो म्हणाला, "हे बघ, उगाच धाडस नको. एमिलीबरोबर ये घरी. नंतर कधीतरी जा." नंतर कधीतरी हे शब्द तिने इतकी वर्षं इतक्यांदा ऐकले होते की तिला त्यांचा राग येईनासा झाला होता. बरं म्हणून तिने फोन ठेवला आणि सामान बांधलं.

युजीन आला, बरोबर त्याची बायको ब्रेंडा. ब्रेंडाने थर्मासमधून लिंबूपाणी आणलं होतं, उशी आणली होती, नणंदेला पांघरायला शाल आणली होती. गाडीत तिने एमिलीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि शाल सारखी केली. मीरा पुढे युजीनच्या शेजारी बसली. मागच्या हौद्यात दोन्ही सायकली आणि फुगलेल्या पिशव्या.

गाडी निघाली. केळव्याजवळचं माहीम गाव मागे पडलं.

मीराने मागे वळून विचारलं, "पाणी देऊ का तिला?"

"आत्ताच प्यायली," ब्रेंडा म्हणाली.

थोड्या वेळाने, "खिडकी बंद करू? वारा लागेल."

"राहू दे मीराताई, तिला मोकळी हवा हवीय."

मीरा समोर बघू लागली. तिचे हात मांडीवर होते आणि त्यांना काही काम नव्हतं. तिने पट्टा सैल केला, परत घट्ट केला. डॅशबोर्डवरच्या मदर मेरीच्या छोट्या मूर्तीवरची धूळ बोटाने पुसली. युजीनने तिच्याकडे एकदा पाहिलं. पाय हलायला लागला होता. हा पाय घेऊन आपण घरी जाणार, तिच्या मनात आलं, जिना चढणार, कुलूप उघडणार आणि डबे घासणार. उद्याही. आणि कुणी शिंकलं तरी कान टवकारणार.

पालघरच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली. उजवीकडे मनोरचा रस्ता हायवेकडे, म्हणजे घराकडे जात होता. डावीकडच्या पाटीवर बोर्डीच्या वाटेवरचं बोईसर लिहिलं होतं.

"युजीन, गाडी जरा बाजूला घ्याल?"

"काय झालं? उलटी येतेय का?"

"नाही. मला उतरायचंय."

मागून एमिलीने डोळे उघडले. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं.

रस्त्याच्या कडेला, एका टायरच्या दुकानासमोर, मीरा हौद्यात चढली आणि पिशव्या उघडून बसली. विचार करायला वेळ नव्हता, मागची गाडी हॉर्न वाजवत होती. तिने एक ड्रेस घेतला, स्वेटर घेतला. पंप, जादा ट्यूब, पाना. पाण्याच्या दोन बाटल्या. बीपीचं मशीन हातात आलं. ते तिने क्षणभर धरलं आणि परत ठेवलं. चादरी, किटली, डबे यांना हातही लावला नाही. आपल्या औषधांच्या डब्यातून एक पाकीट गोळ्यांचं आणि थोडी मलमपट्टी काढून घेतली. सगळं मिळून एक पिशवी झाली. ती एकाच बाजूला लटकवली तर तोल जाईल म्हणून तिने ती कॅरिअरवर आडवी टाकून दोरीने आवळली.

"हे बाकीचं तुमच्या घरी पोहोचवू ना?" ब्रेंडाने खिडकीतून विचारलं.

"चंदनसारला. ह्यांना फोन करते मी."

युजीन काळजीत होता. "एकट्या जाल? रस्त्यावर ट्रक असतात बोईसरपर्यंत."

"कडेने जाईन. जमलं नाही तर फोन करेन तुम्हाला."

एमिलीने शालीतून हात बाहेर काढला आणि तिचं मनगट धरलं. "समोरून वारा असेल. खालच्या गिअरवर चालव. आणि माझी चौकशी करायला सारखे फोन करू नकोस."

"एकदाच करेन. संध्याकाळी."

"उद्या संध्याकाळी," एमिली म्हणाली.

गाडी वळून गेली. मीराने पायडल मारलं आणि सायकल अशी सुटली की तीच दचकली. कालच्या वजनाची सवय झालेल्या पायांनी नको तेवढा जोर लावला होता. बोईसरपर्यंतचा रस्ता वाईट गेला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे, धूळ डोळ्यांत जायची. दर थोड्या वेळाने तिचा हात खिशातल्या फोनकडे जायचा. एमिली प्यायली असेल का काही? ब्रेंडाला गोळीची वेळ सांगायची राहिली. मग आठवायचं की तिच्याजवळच्या गोळ्यांच्या पाकिटावर डॉक्टरांनीच वेळ लिहून दिलीय आणि एमिलीला वाचता येतं. दोनदा ती थांबली, एकदा फोन बाहेरही काढला. मग प्रल्हादलाच लावला.

"उतरलीस? म्हणजे? कुठे उतरलीस?" त्याचा आवाज चढला. ऑफिसात आजूबाजूला माणसं असणार, मग तो हळू झाला. "अगं, मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलं होतं मी. सामान येतंय घरी, उतरवून घ्या. मी डहाणूला राहते आज."

"लाइव्ह लोकेशन तरी पाठव," शेवटी तो म्हणाला.

"ते पाठवते."

चिंचणीला तिने एका हॉटेलात बसून जेवण मागवलं. पहिल्यांदाच तिला जाणवलं की आपल्याला खरोखरची भूक लागलीय. पुढे वरोरच्या बाजूला समुद्र दिसायला लागला. वारा समोरून होता, एमिली म्हणाली होती तसाच, आणि सायकल मुंगीच्या पावलांनी चालली होती. गुडघ्यावरची खपली ताणायची. दिवस मावळायच्या आत ती डहाणूला पोहोचली, एका लॉजमध्ये खोली घेतली, ड्रेस धुवून पंख्याखाली वाळत घातला. झोप धड लागली नाही. पहाटे नेहमीच्या वेळेला जाग आलीच. दाराकडे जाऊन यावं असं वाटलं. पण दार जिन्यावर उघडत होतं आणि जिन्याखाली सायकल होती. ती अर्धवट ओला ड्रेस घालून उजाडायच्या आत निघाली.

बोर्डीला ती सकाळीच पोहोचली. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, मग सुरूची रांग, मग लांबच लांब सपाट वाळू. इथपर्यंतच यायचं ठरलं होतं. तिने सायकल झाडाला टेकवली आणि खाली बसली. आता शांत वाटेल, असं तिला कुठेतरी वाटत होतं. ती वाट बघत राहिली. तसं काही वाटलं नाही. पोटऱ्या दुखत होत्या, पाठ भरून आली होती, आणि पाय हलत होता.

शेजारी एक बाई टोपलीत चिकू मांडून बसली होती. मीराने चार घेतले आणि तिथेच फोडून खाल्ले.

"हा रस्ता पुढे कुठे जातो हो?"

"पुढं झाई," बाई म्हणाली. "मंग गुजरात लागतो, उंबरगाव. कोन हाय तिकडं तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग कशाला जाता?"

मीराने हात धुतले, बाटली भरून घेतली. फोनवर प्रल्हादचा मेसेज होता: सामान मिळालं, परत कधी येतेस? तिने लिहिलं, उद्या, किंवा परवा. मग 'किंवा परवा' खोडावं का असा विचार केला आणि तसंच पाठवून दिलं.

ती सायकलवर बसली आणि झाईच्या दिशेने निघाली.